आधी पेन दाखव!

अगं, हातातला तो ओला फडका आधी खाली ठेव. घासायचं तर नावच काढू नकोस. सोफ्यावर शाईची रेघ असते बोटभर, घासून घासून आपणच ती वीतभर करतो आणि मग सगळ्यांना सांगत सुटतो, की मेला डाग काही जातच नाही. मला ताई म्हणतेस ना? मग जरा निवांत बस, चहा घे आणि ऐक.

तू मिरजेकडची. तिकडे गादी असो की गालिचा, पाणी ओतून घासलं आणि दुपारच्या उन्हात टाकलं, की संध्याकाळपर्यंत खडखडीत. तुझ्या आईनं फोनवर सांगितलेला उपाय तिकडे अगदी बरोबर आहे. पण तू आता कोकणात, तळेऱ्यात राहतेस, बाये. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणारा आपला जिल्हा. जून लागला की मिठाला पाणी सुटतं, पापड वातड होतात, कपाटातल्या चामडी पट्ट्यावर पांढरी बुरशी चढते. अशा हवेत सोफ्याच्या फोममध्ये तांब्याभर पाणी मुरलं, तर ते कितीतरी दिवस बाहेर निघत नाही. मग डाग राहतो एका कोपऱ्यात आणि कुबट वास भरतो सगळ्या घरात. शाई सुकली की आहे तिथेच थांबते, बुरशी मात्र पसरत जाते. म्हणून आपल्याकडे शाईपेक्षा पाण्याला जास्त भ्यायचं. एवढं लक्षात ठेवलंस तरी निम्मं काम झालं.

आता लेकाला हाक मार. ओरडू नकोस गो! मी काही मोठी माया दाखवायला सांगत नाहीये, यात आपलाच स्वार्थ आहे. तू आवाज चढवलास की तो पहिल्यांदा पेन लपवणार. आणि पेन गेलं, की आपल्या हातातला पुरावाच गेला. ‘बाळा, कुठलं पेन होतं ते दाखव बघू,’ इतकंच म्हण. कारण सगळ्या शायांना एकच औषध चालत नाही. ज्यानं एक शाई निघते, त्यानंच दुसरी आणखी घट्ट बसते.

बॉलपेन असेल तर सुटलीस म्हण. ती आपली पांढऱ्या अंगाची, निळ्या टोपणाची रेनॉल्ड्स आठवते ना, तसलं कुठलंही. त्या शाईत रंग तेलकट, चिकट द्रावणात कालवलेला असतो, म्हणून पाणी कितीही मार, तो हलत नाही. स्पिरिटात मात्र लगेच विरघळतो. मेडिकलमध्ये सर्जिकल स्पिरिट मिळतं, तेच आण. नाहीतर करोनात घेऊन ठेवलेल्या सॅनिटायझरची बाटली कपाटात मागे पडलेली असेल. पण तो पाण्यासारखा पातळ हवा. जेलवाला नको, त्यातला चिकटपणा कापडावर राहतो आणि त्यावर धूळ बसते. आणि हायवेच्या कडेला राहणाऱ्यांना धुळीचं वेगळं सांगायला नको.

शाईपेनाची शाई पाण्यातली. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ साली कॅम्लिनचा धंदा सुरू केला, तो हॉर्स ब्रँड शाईची पूड आणि गोळ्या घेऊन. पूड पाण्यात कालवायची, दौतीत ओतायची, झाली शाई तयार. अशी शाई ओली असेपर्यंत साध्या पाण्यानंही बरीच निघते. मात्र निळीकाळी, टिकाऊ म्हणून विकली जाणारी शाई असेल तर तिच्यात लोह असू शकतं, आणि ते हट्टी. केळफूल नाहीतर कच्ची केळी लोखंडी विळीवर चिरली की बोटं कशी काळी होतात? त्यांतल्या तुरटपणाची लोखंडाशी गाठ पडली की काळा रंग धरतो. हिरडा आणि हिराकस यांची जुनी काळी शाई होते ती याच गुणावर. असल्या डागाला स्पिरिटाचा उपयोग नाही, तिथे लिंबू लागतं. लिंबाचा आंबटपणा लोह सोडवतो.

जेल पेन म्हणजे मात्र डोक्याला ताप. जपानच्या साकुरा कंपनीनं १९८४ मध्ये हे पेन काढलं. आता आपल्याकडे दुसरीतल्या पोराच्या कंपासमध्येही चमचमत्या शाईची चार तरी सापडतील. यातल्या बऱ्याच शायांमध्ये रंग विरघळलेला नसतोच. त्याचे बारीक कण असतात आणि ते धाग्यांच्या मध्ये जाऊन बसतात. विरघळायला काही नाही म्हटल्यावर स्पिरिट तरी काय करणार? इथे आधी साबणाचं पाणी, मग थोडं स्पिरिट, आणि शेवटी फिकट छटा राहिली तर ती गोड मानून घ्यायची.

मार्कर पाहताना त्याच्यावर काय लिहिलंय ते वाच. फळ्यावरचा असेल तर बऱ्यापैकी निघतो. ‘परमनंट’ लिहिलेला असेल तरी घाबरू नकोस, तोही स्पिरिटाला बधतो, फक्त वेळ जास्त घेतो. रबरी शिक्क्याच्या पॅडची शाई सांडली असेल तर पाणी आणि स्पिरिट दोन्ही आलटून पालटून लावावं लागतं.

राहिली मतदानाची. तू शिक्षिका, कधी ना कधी निवडणुकीची ड्यूटी लागेलच, म्हणून सांगून ठेवते. म्हैसूर पेंट्स अँड व्हार्निश या कर्नाटक सरकारच्या कंपनीत ती तयार होते आणि १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून वापरात आहे. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. उजेड लागला की ते काळं पडतं आणि मग ना साबणाला ऐकत, ना स्पिरिटाला. ती न निघण्यासाठीच केलेली आहे. सोफ्याला लागली तर हात जोड आणि कव्हर बदल.

आणि पेन सापडलंच नाही, डाग मात्र तपकिरी दिसतोय, मार्च ते मेचे दिवस आहेत, पोरगं काजीच्या बागेतून आलंय… तर बाई, ती शाई नव्हेच. तो बोंडूचा, म्हणजे काजूच्या फळाचा रस. तू घाटावरची, तुला हे माहीत नसणार. ओला असतो तेव्हा दिसतसुद्धा नाही, सुकल्यावर रंग धरतो. कोकणात शाळेचा पांढरा शर्ट काजूच्या दिवसांत घालू देत नाहीत ते उगाच नाही. परीट कपड्यांवर न जाणारी खूण करायला जो बिब्बा वापरत, तो याच काजूच्या कुळातला. बोंडूचा डाग ओला असतानाच टिपलास तर ठीक, वाळल्यावर त्याच्या नादी लागू नकोस.

पेन कळलं. आता कापड बघ.

लाकडी सोफा आणि वर सुट्या गाद्या असतील, गाद्यांच्या खोळींना चेन असेल, तर तुझ्यासारखी नशीबवान तूच. खोळ काढ आणि मग वेगळी ने. झोपाळ्याची किंवा दिवाणाची कापसाची गादी असेल तरी तेच: खोळ आधी उतरव. कापूस ओला झाला की त्याचे गठ्ठे होतात आणि पावसाळ्यात पिंजून कोण देणार? खोळ आणि गादी वेगळी होत नसेल, तर त्या दोहोंच्या मध्ये जुना टॉवेल सरकवता येतो का बघ. शाई खाली उतरली तर टॉवेलात जाईल.

कोल्हापूरहून करूळ घाट उतरून जे कोपऱ्यातले भलेमोठे सोफे येतात, त्यांचं कापड बहुधा फोमवर पक्कं ठोकलेलं असतं. त्यावर थेंबाथेंबानंच काम करायचं. शिवणीत किंवा बैठकीखाली कुठेतरी एखादी चिठ्ठी असते. तिच्यावर इंग्रजी डब्ल्यू असेल तर पाण्याचा उपाय चालतो, एस असेल तर पाणी वर्ज्य, फक्त स्पिरिटासारखं द्रावण. दोन्ही अक्षरं असतील तर दोन्ही चालतं आणि एक्स असेल तर घरी हात लावायचाच नाही. चिठ्ठी नसली तर मागच्या बाजूला, भिंतीकडे, चार आण्याएवढ्या जागेवर स्पिरिट लावून बघ. दहा मिनिटं थांब. कापडाचाच रंग फडक्यावर उतरला तर थांब तिथेच. एक शाईचा डाग परवडला, पण त्याभोवती उडालेल्या रंगाचं पांढरं वर्तुळ नको.

मखमल असेल तर तिची लव कुठल्या बाजूला पडते ते हात फिरवून बघ आणि त्याच दिशेनं टीप. रेक्झिनची गोष्ट वेगळी. वरून गुळगुळीत, म्हणून आपण म्हणतो पुसलं की झालं. पण बॉलपेनची शाई रेक्झिनमध्ये हळूहळू आत शिरते. आज पुसलीस तर जाईल, दिवाळीला पुसू म्हणालीस तर ती कायमची झाली समज. स्पिरिट मात्र तिथे ओतायचं नाही. कापसाच्या काडीवर घ्यायचं, रेघेवरूनच फिरवायचं, लगेच ओल्या फडक्यानं आणि मग कोरड्यानं पुसायचं. रेक्झिनवर स्पिरिट रेंगाळलं तर त्याची चकाकी जाते आणि पुढे तिथेच भेगा पडतात. खऱ्या चामड्याचा सोफा असेल तर मात्र घरचा प्रयोग नको.

आता प्रत्यक्ष काम. पांढराच सुती कपडा घे. जुन्या धोतराचा, मऊ झालेल्या चादरीचा, कसलाही चालेल, पण रंगीत नको. नाहीतर त्याचाच रंग सोफ्याला लागायचा. खिडकी उघड. देवघरात समई किंवा उदबत्ती चालू असेल, गॅस पेटलेला असेल, तर आधी ते शांत होऊ दे. स्पिरिट भडकन पेटतं, आणि फोमही पेटतो. यात हयगय नको. पोराला बाहेर पाठव.

कपडा तर्जनीवर गुंडाळ. बाटलीच्या तोंडाला लावून जरासा ओला कर. स्पिरिट कपड्यावर घ्यायचं, सोफ्यावर कधीच ओतायचं नाही. मग डागाच्या बाहेरच्या कडेला टेकव, दाब, उचल. कडेकडून मध्याकडे ये. मधून बाहेर गेलीस की डाग मोठा झालाच. पहिल्या दोन-तीन दाबांत कपड्यावर बघ काय येतं. पेनात निळी दिसणारी शाई तिथे जांभळी उमटलेली दिसेल. दचकू नकोस. बॉलपेनच्या निळ्या शाईत बहुधा जांभळा रंग मिसळलेला असतो. लहान मुलांच्या तोंडाला व्रण आले की डॉक्टर जे जांभळं औषध लावायला देत, त्या जेन्शन व्हायोलेटचाच तो भाऊबंद. जांभळं उमटलं म्हणजे शाई सुटायला लागली. लगेच कपड्याची कोरी जागा बोटावर घे. हे फार महत्त्वाचं, बरं का. त्याच जांभळ्या जागेनं पुन्हा टेकवलंस तर काढलेली शाई परत सोफ्याला लावशील. कपडा सरकवत राहायचं, प्रत्येक वेळी कोरा. मधूनमधून वरून कोरडा टिश्यू दाबून धरायचा, म्हणजे सुटलेली शाई फोममध्ये उतरायच्या आधी वर ओढली जाते.

कपड्यावर रंग येणं थांबलं की स्पिरिट बंद. चिठ्ठीवर फक्त एस असेल तर पुढचा पाण्याचा भाग सोडून दे. मग वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विड साबणाचे दोन थेंब टाक, कपडा त्यात बुडवून घट्ट पिळ आणि त्यानं टीप. मग साध्या पाण्यात पिळलेल्या कपड्यानं. साबण राहू द्यायचा नाही, राहिला की तिथेच मळ धरतो. शेवटी कोरडा टॉवेल घडी करून ठेव आणि वर तळहातानं जोर दे. पावसाचे दिवस असतील तर टेबलफॅन त्या जागेकडे वळवून रात्रभर चालू ठेव. हेअर ड्रायरचा गरम वारा किंवा इस्त्री नको. डागाचा अंश राहिला असेल तर उष्णतेनं तो पक्का होतो. आणि पूर्ण सुकल्याशिवाय वर प्लॅस्टिकचं कव्हर घालू नकोस. बुरशीला आणखी काय हवं?

शाईपेनाची ओली शाई असेल तर याच्याही आधी एक काम आहे. टिपकागद आता कुठे मिळतो? पण तू शिक्षिका, तुझ्या पर्समध्ये खडू असतोच. खडूची पूड किंवा टाल्कम पावडर डागावर टाक. ती शाई पिऊन रंगली की चमच्यानं अलगद उचल आणि पुन्हा ताजी टाक. पूड रंगायची थांबली, की मग ओला कपडा. लिंबाची वेळ आली तर आधी आतल्या बाजूला लावून बघ, रंगीत कापडावर जास्त वेळ ठेवू नकोस आणि नंतर पिळलेल्या फडक्यानं आंबटपणा नीट काढ.

आता लोक तुला काय काय सांगतील तेही सांगते. कुणी म्हणेल दुधात भिजव. सुटी खोळ असेल तर भिजव बापडी, शाईपेनाच्या डागाला थोडा गुण येतो. पण पक्क्या सोफ्यावर दूध? ते फोममध्ये जाऊन नासणार, आणि मग मुंग्या आहेतच. कुणी म्हणेल टूथपेस्ट लाव. तिच्यात बारीक खरखरीत पूड असते, कापडाची लव उचकटते, रेक्झिनवर ओरखडे येतात. कुणी नेलपॉलिश रिमूव्हर सुचवेल. त्यातलं ॲसिटोन काही कापडं विरघळवतं आणि रेक्झिनचं तर वाटोळंच करतं. रंगाऱ्याकडचा थिनर तसाच. ब्लीचनं डागाआधी सोफ्याचा रंग जाईल. आणि संडास धुवायच्या ॲसिडशी त्याची गाठ पडली तर विषारी वायू निघतो, म्हणून ती दोन एकत्र कधीच नको, सोफा असो की मोरी.

आणखी एक, जे सहसा कुणी सांगत नाही. तुझ्या सोफ्याचे हात सागवानी आहेत ना, आणि त्यांच्यावर सुताराकडून चपड्याचं पॉलिश करून घेतलंय? चपडा स्पिरिटातच विरघळतो. तुझ्या हातून दोन थेंब लाकडावर पडले, की तिथे पांढुरका, चिकट ठिपका उठलाच. शाई काढायला गेलीस आणि सुतार बोलवायची पाळी आली, असं नको. काम सुरू करायच्या आधी लाकडावर जाड कापड टाकून ठेव.

आणि थांबायचं कधी, तेही कळायला हवं. दोनदा सगळं करून झालं, तरी सावलीसारखी छटा उरली, तर तिसऱ्यांदा घासत बसू नकोस. कापडाचे धागे झिजले की तो भाग कायमचा टक्कल पडल्यासारखा दिसतो. शाईचं कामच धरून राहायचं आहे. आपल्याच तळेऱ्यात ‘अक्षरोत्सव’ नावानं नामवंतांच्या हस्ताक्षरांचा संग्रह जपलाय, तो टिकतो कशावर? शाई कागदाला सोडत नाही म्हणूनच ना! तुझ्या सोफ्यावर तिनं थोडा हट्ट केला तर बिचारीला दोष कसा द्यायचा? गादी उलटता येत असेल तर उलट. नाहीतर वाकळेची एक छान घडी टाक. पांढरी सुती खोळ असेल तर मात्र एक शेवटचा उपाय आहे: मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड, तितकंच पाणी घालून, डागावर थोडा वेळ, आणि मग खोळ भरपूर पाण्यानं धुऊन दिवाळीनंतरच्या कडक उन्हात. बॉलपेनचे जांभळे रंग उन्हानं उडतातही. ऊन असेल तेव्हा आपल्याकडेही तुझ्या आईचाच उपाय चालतो, बरं!

मशीन घेऊन सोफा धुणारी माणसं आली तर त्यांना दर विचारायच्या आधी एवढंच विचार: पाणी आत किती जाणार आणि तुम्ही ते खेचून किती काढणार? उत्तर धड आलं नाही तर त्यांना थंडीत या म्हण. आणि त्यांना शाईची जात नक्की सांग, तू आधी काय काय लावून बघितलंस तेही सांग. लपवलंस तर तेच पुन्हा लावतील.

सासूबाई काही बोलल्या तर बोलू देत. त्यांच्या घरातला तो पहिला फोमचा सोफा, जीव तुटणारच. त्यांना शेजारी बसव, कपडा कसा सरकवायचा ते दाखव. जांभळं उमटताना बघितलं की त्याही गुंततात आणि ‘नीट दाब गो’ म्हणून तुलाच सूचना द्यायला लागतात. चतुर्थीला मुंबईचे चाकरमानी आले की तुझ्या डागाकडे कुणाचं लक्ष जाणार आहे? सगळे गणपतीसमोर माटवीखाली जमिनीवरच बसणार.

पुढच्या वेळी सोफा घेशील तेव्हा सुट्या गाद्या, चेन असलेल्या खोळी आणि बारीक नक्षीचं कापड घे. दुकानदाराकडून त्याच कापडाचा एक मीटर तुकडा जास्तीचा मागून ठेव. स्पिरिटाची छोटी बाटली, पांढरे फडके आणि खडूचा तुकडा एका डब्यात घालून पोराच्या हाताला लागणार नाही असा वर ठेव. आणि उद्याच तिठ्यावर जाऊन त्याला लिहायला एक बुटकं टेबल घे. सोफ्यावर लोळून गृहपाठ करायची सवय मोडली नाहीस, तर माझ्या सगळ्या शहाणपणाचा उपयोग शून्य.